वॉरन प्लेसचा झेंडा : हेन्री सेसिल यांचं प्रकरण

१९८७ साली इंग्लंडमधले रेसच्या घोड्यांचे ट्रेनर हेन्री सेसिल यांच्या पागेतल्या घोड्यांनी ब्रिटनमध्ये १८० शर्यती जिंकल्या. त्याआधीचा विक्रम १४६ चा होता आणि तो १८६७ पासून, म्हणजे एकशे वीस वर्षं, कुणाला मोडता आला नव्हता. २००५ साली त्याच माणसाने, त्याच पागेतून, त्याच टेकडीवर घोडे पळवून १२ शर्यती जिंकल्या. बारा. आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच पागेतला फ्रँकल नावाचा घोडा चौदापैकी चौदावी शर्यत जिंकून निवृत्त झाला, तेव्हा जागतिक क्रमवारीत १४० गुणांसह त्याच्या वर कुणीही नव्हतं.

रेसचा नाद असलेल्या माणसाला ही गोष्ट साधारण ठाऊक असते. मोठा ट्रेनर, त्याचं दुबईच्या शेखांशी बिनसलं, शेखांनी घोडे नेले, ट्रेनर कोसळला, त्यात कर्करोग झाला, आणि शेवटी एका अलौकिक घोड्याने त्याला पुन्हा वर आणलं. ऐकायला छान आहे. मीही बरीच वर्षं ती अशीच सांगत आलो, महालक्ष्मीच्या स्टँडात शेजारी बसलेल्याला, दोन शर्यतींमधल्या मोकळ्या वेळात. मग एकदा सेसिल यांच्या मोठ्या विजयांची सालवारी कागदावर मांडली आणि गोष्ट विस्कटली. तारखा गोष्टीच्या बाजूने साक्ष देईनात.

घोडा मालकाचा, नाव ट्रेनरचं

आधी धंदा समजून घेऊ. रेसचा ट्रेनर आपल्या तालमीतल्या वस्तादासारखा असतो. पण पैलवान स्वतःच्या पायांनी तालमीत येतो. घोडा मालकाच्या मर्जीने येतो, आणि मर्जी फिरली की एखाद्या सकाळी गाडीत चढून दुसऱ्याच्या पागेत जातो. ट्रेनरला दर घोड्यामागे रोजची फी मिळते, जिंकलेल्या बक्षिसात वाटा मिळतो. त्या फीतून मोतद्दार, स्वार, नालबंद, दाणावैरण सगळं भागवायचं. सेसिल यांची पागा होती त्या न्यूमार्केट या रेसच्या गावात तर घोडे पळवायची माळरानंही ट्रेनरची नसतात. ती जॉकी क्लब या संस्थेची, त्यांच्या वापराचे पैसे वेगळे.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. शिंगरू दीडेक वर्षाचं झालं की शरदात पागेत येतं. दुसऱ्या वर्षी पळायला लागतं. तिसऱ्या वर्षी क्लासिक. क्लासिक म्हणजे इंग्लंडमधल्या पाच शर्यती: २००० गिनीज, १००० गिनीज, ओक्स, डर्बी, सेंट लेजर. त्यातल्या १००० गिनीज आणि ओक्स फक्त माद्यांसाठी. या पाचही शर्यती घोड्याला आयुष्यात एकदाच, तिसऱ्या वर्षीच पळता येतात. चांगला घोडा चौथ्या वर्षी बहुधा पैदाशीला जातो. म्हणजे यंदाचे विजय हे दोन वर्षांपूर्वी मालकांनी ठेवलेल्या विश्वासाचं पीक असतं. पागेचं दुखणं निकालात उतरायला वेळ लागतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सावत्र बाप आणि सासरा

सेसिल यांचा जन्म ११ जानेवारी १९४३ चा, स्कॉटलंडमधला. जुळा भाऊ डेव्हिड. वडील पॅराशूट रेजिमेंटमध्ये होते आणि मुलं जन्मायच्या काही आठवडे आधी उत्तर आफ्रिकेच्या लढाईत मारले गेले. आईने पुढे कॅप्टन सेसिल बॉइड-रॉकफर्ट यांच्याशी लग्न केलं. हे राजघराण्याचे ट्रेनर. त्यामुळे पोरं न्यूमार्केटच्या पागेतच वाढली. शाळेत हेन्री यथातथाच. ईटनसारख्या शाळेत जायची परीक्षा नापास झाला. १९६४ पासून सावत्र वडिलांच्या हाताखाली काम, १९६९ मध्ये पागा स्वतःच्या नावावर. हंगाम मार्चअखेर सुरू होतो. पहिला विजय मिळाला १७ मे ला, रिपनच्या रेसकोर्सवर. पण त्याच उन्हाळ्यात वॉल्व्हर हॉलोने सँडाउनची एक्लिप्स स्टेक्स मारली आणि मंडळी या नव्या पोराकडे वळून पाहू लागली.

त्याआधी, १९६६ मध्ये, लग्न झालं होतं जूली मर्लेस यांच्याशी. त्यांचे वडील नोएल मर्लेस नऊ वेळा चॅम्पियन ट्रेनर, म्हणजे हंगामात सगळ्यात जास्त बक्षिसं मिळवणारे ट्रेनर, झालेले. १९७६ च्या अखेरीस सासरे निवृत्त झाले आणि त्यांची वॉरन प्लेस ही पागा जावयाकडे आली. वॉरन हिल या चढाच्या माथ्यावरची, न्यूमार्केट गावाकडे वरून पाहणारी ही जागा.

आयत्या बिळावर नागोबा, असं कुणी म्हटलं तर पहिल्या पाच-सहा वर्षांपुरतं मी ऐकून घेईन. त्यापुढचं नाही. १९७६ ते १९९३ या काळात सेसिल दहा वेळा चॅम्पियन ट्रेनर झाले. १९८५ मध्ये ओह सो शार्प या घोडीने १००० गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर अशा तिन्ही शर्यती जिंकल्या, आणि त्याच वर्षी स्लिप अँकरने डर्बी. पाचांपैकी चार क्लासिक एका पागेत. एवढं सासऱ्याच्या पुण्याईवर होत नाही.

डोळा

सेसिल यांची पद्धत काय होती? याचं उत्तर देणं अवघड आहे आणि माझ्या मते या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

तुलनेसाठी मार्टिन पाइप पाहा. सॉमरसेटमधल्या एका बुकमेकरचा मुलगा. अडथळ्यांच्या शर्यतींमध्ये पंधरा वेळा चॅम्पियन. रेसमध्ये मुरलेल्या घराण्यातला नाही, म्हणून त्याने सगळं मोजायला घेतलं. घोड्यांचं रक्त तपासायला पागेतच प्रयोगशाळा, चढावर तुकड्यातुकड्याने जोरकस पळवणं, वजनं, नोंदी. त्याची पद्धत कागदावर उतरत होती. म्हणूनच २००६ मध्ये परवाना मुलाच्या, डेव्हिडच्या, नावावर झाला आणि दोनच वर्षांत त्या मुलाने ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची प्रसिद्ध शर्यत जिंकली.

सेसिल यांचं तसं नव्हतं. सकाळी ते स्वतः घोड्यावर बसून आपल्या घोड्यांच्या रांगेबरोबर माळावर जायचे. घोडे रिंगणात फिरत असताना बघत राहायचे. कोण आज मान खाली घालून चालतोय, कुणाचे कान मागे आहेत, कुणाच्या कातडीवरची तकाकी कालच्यापेक्षा कमी आहे. यावरून आज कोण कुणाच्या मागून किती पळेल ते ठरायचं. शास्त्र विचारलं की मान तिरकी करून हसायचे आणि विचारणाऱ्यालाच उलट प्रश्न टाकायचे. भारी कपडे, भारी बूट, अंगात थोडा नाटकीपणा. पागेच्या बागेत गुलाब, आणि त्या गुलाबांचं कौतुक घोड्यांइतकंच.

डोळ्याचं काम कसं चालतं ते १९७९ च्या ॲस्कट गोल्ड कपमध्ये दिसलं. अडीच मैलांची शर्यत. सेसिल यांचे दोन घोडे उतरले होते, ल मॉस आणि बक्स्किन. ल मॉस घरी आळशी, सरावात अंग चोरणारा. त्याला तयार करायचं म्हणजे ढकलगाडीला धक्का मारण्यासारखं. बक्स्किन उलट, मनाने शूर पण खुरांनी कच्चा. त्याला एकेक पाऊल जपून, दुखणं सांभाळत शर्यतीपर्यंत आणलेलं. जिंकला ल मॉस, दुसरा आला बक्स्किन. दोन्ही आपलेच, बक्षिसंही आपलीच. पण सेसिल विजयाचा आनंद विसरून हरलेल्या बक्स्किनसाठी व्याकूळ झाले. एका पागेत दोन स्वभाव, दोघांना दोन वेगळ्या वाटांनी त्याच दिवशी त्याच जागी आणलेलं, आणि कुणाला किती कष्ट पडले ते त्या एकट्यालाच माहीत.

आणखी एक आकडा. सेसिल यांनी आयुष्यात २५ ब्रिटिश क्लासिक जिंकल्या. सहा वेळा १००० गिनीज, आठ वेळा ओक्स. त्यात ओह सो शार्पची सेंट लेजर धरली तर २५ पैकी १५ विजय घोड्यांचे नाहीत, घोड्यांच्या माद्यांचे. घोडी नाजूक काम. जरा ताण जास्त झाला की दाणा सोडते, खाणं सोडलं की अंगावरचं मांस उतरतं, आणि एकदा उतरलेली घोडी त्या हंगामात बहुतेक परत येत नाही. तिथे घाई करणारा ट्रेनर हरतो. सेसिल थांबायचे. ज्याला थांबायचं कधी हे कळतं त्याच्याकडे घोड्या जिंकतात, असा माझा कयास.

मोठा विजय मिळाला, म्हणजे ग्रुप वन या सगळ्यात वरच्या दर्जाची शर्यत मारली, की वॉरन प्लेसवर घराण्याचा झेंडा चढायचा. गावातून दिसायचा.

आता तारखा

१९९५ च्या शरदात शेख मोहम्मद यांनी आपले चाळीसेक घोडे वॉरन प्लेसमधून हलवले. कुरबुरी आधीपासून होत्या. निमित्त झालं मार्क ऑफ एस्टीम या दोन वर्षांच्या घोड्याच्या दुखापतीचं. तो घोडाही गेला, आणि पुढच्याच मे महिन्यात शेखांच्या गोडॉल्फिन या पागेकडून त्याने २००० गिनीज जिंकली. मीठ चोळणं म्हणतात ते हेच.

प्रचलित गोष्टीनुसार इथून घसरण सुरू व्हायला हवी. पण झालं काय? १९९६: बॉसरा शॅमने १००० गिनीज, लेडी कार्लाने ओक्स. १९९७: स्लीपीटाइमने १००० गिनीज, रीम्स ऑफ व्हर्सने ओक्स. १९९९: विन्सने १००० गिनीज, रामरूमाने ओक्स, ओथने डर्बी. २०००: लव्ह डिव्हाइनने ओक्स.

शेख गेल्यानंतरच्या पाच हंगामांत आठ क्लासिक. आणि शेखांचे घोडे पागेत असताना, १९९१ ते १९९५ या पाच हंगामांत? एक. १९९३ ची डर्बी, कमांडर इन चीफने जिंकलेली, आणि तो घोडाही शेखांचा नव्हे, सौदीच्या प्रिन्स खालिद अब्दुल्ला यांचा.

हे मांडल्यावर मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो. चाळीस घोडे जाणं हा धक्का होता यात वाद नाही. पैशाचा होता, प्रतिष्ठेचा होता. चॅम्पियनपद पुन्हा कधी आलं नाही, कारण ते बक्षिसांच्या रकमेवर ठरतं आणि त्याला संख्याबळ लागतं. पण कसब शाबूत होतं. मग पागा बसली कशाने?

मालकांच्या यादीकडे पाहिलं तर उत्तराचा एक भाग सापडतो. पागेतले जुने नावाजलेले घोडे घ्या. लाइट कॅव्हलरी आणि फेअरी फूटस्टेप्स जिम जोएल यांचे. आर्ड्रॉस आणि मिकेलोत्सो चार्ल्स सेंट जॉर्ज यांचे. जोएल आणि सेंट जॉर्ज दोघेही १९९२ मध्ये वारले. रेफरन्स पॉइंट, १९८७ च्या डर्बीचा विजेता, लुई फ्रीडमन यांचा. ते १९९८ मध्ये गेले. स्लिप अँकर आणि क्रिस लॉर्ड हॉवर्ड डी वॉल्डन यांचे. ते १९९९ मध्ये गेले. रामरूमाचे मालक सौदीचे प्रिन्स फहद बिन सलमान २००१ मध्ये, आणि ओथची मालकी असलेल्या संस्थेमागचे त्यांचे बंधू प्रिन्स अहमद २००२ मध्ये.

यातले जोएल, फ्रीडमन, हॉवर्ड डी वॉल्डन ही जुन्या वळणाची मंडळी. स्वतःच्या घोड्या, स्वतःची पैदास, आणि शिंगरू जन्मलं की ते कुणाकडे जाणार हे ठरलेलं. लिलावात बोली लावावी लागत नाही, मालकाची मनधरणी करावी लागत नाही. दरवर्षी शरदात घरचाच पाहुणा यावा तशी शिंगरं यायची. असा एक माणूस गेला की एक घोडा जात नाही, येणाऱ्या घोड्यांचा झराच आटतो. आणि तो आटल्याचं कळतं दोन-तीन वर्षांनी. शेखांचं जाणं ढोल वाजवून झालं म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिलं. हे सहा मृत्यू दहा वर्षांत विखुरले, म्हणून कुणी ते एका ओळीत मांडले नाहीत.

दुसरा भाग घरातला. जूली यांच्याशी घटस्फोट १९९० मध्येच झाला होता. दुसरं लग्न १९९२ चं, तेही २००२ मध्ये मोडलं. त्यामधे, २००० साली, जुळा भाऊ डेव्हिड कर्करोगाने गेला. जन्मापासूनचा जोडीदार. दारू वाढली. जी पद्धत कागदावर नाही, नुसती एका माणसाच्या डोळ्यात आहे, ती त्या माणसाची नजर दुसरीकडे लागली की बंद पडते. पाइप आठवडाभर आजारी पडला तरी त्याच्या पागेत रक्ताचे अहवाल येत राहिले असते. वॉरन प्लेसमध्ये अहवाल म्हणजे सेसिल स्वतः.

जून २००० मध्ये बीट हॉलोने पॅरिसची ग्राँ प्री जिंकली. त्यानंतर झेंडा सहा वर्षं चढला नाही. एके काळी दोनशेच्या घरात घोडे असलेल्या पागेत पन्नासच्या आसपास उरले. रिकामे ठाण, गवत वाढलेलं. इंग्लंडमधल्या रेसच्या वर्तुळात तेव्हा त्यांच्याबद्दल भूतकाळात बोललं जाई.

जे गेले नाहीत

पडत्या काळात काही मालक राहिले. प्रिन्स खालिद अब्दुल्ला राहिले आणि ग्रीसचं नियार्कोस घराणं राहिलं. दोघांचीही स्वतःची मोठी पैदास, दोघांकडेही इतर नावाजलेले ट्रेनर होते. ते घोडे दुसरीकडे हलवते तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण दरवर्षी थोडी का होईना, शिंगरं वॉरन प्लेसच्या वाटेला लागत राहिली. यात भावना किती आणि हिशेब किती हे बाहेरून सांगता येत नाही. एवढं खरं की २००५ मध्ये बारा विजय घेणाऱ्या ट्रेनरकडे उत्तम रक्ताचं शिंगरू पाठवणं हा हिशेबी माणसाचा निर्णय वाटत नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये अब्दुल्ला यांच्या पॅसेज ऑफ टाइम या घोडीने फ्रान्समध्ये, सँ-क्लूला, ग्रुप वन जिंकली. सहा वर्षांनी झेंडा निघाला. त्याच वर्षी सेसिल यांना लिम्फोमाचं, म्हणजे रक्ताशी निगडित कर्करोगाचं, निदान झालं होतं. जून २००७ मध्ये नियार्कोस यांच्या लाइट शिफ्टने ओक्स जिंकली. एप्समच्या गर्दीने त्या दिवशी ज्या टाळ्या वाजवल्या त्या घोडीसाठी नव्हत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत मिडडे आणि ट्वाइस ओव्हर आले. मिडडेने २००९ मध्ये अमेरिकेत जाऊन ब्रीडर्स कपमधली शर्यत मारली, ट्वाइस ओव्हरने सलग दोन वर्षं चॅम्पियन स्टेक्स.

इथे प्रचलित गोष्टीचा दुसरा अर्धाही ढासळतो. फ्रँकलने पागा वाचवली नाही. १३ ऑगस्ट २०१० रोजी तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला तेव्हा पागा उभी राहिलेली होती. उलट म्हणायला हवं: पागा उभी होती, आणि त्या माणसाची नजर जागेवर आली होती, म्हणून फ्रँकल फ्रँकल झाला.

उधळणारा घोडा

फ्रँकल अब्दुल्ला यांचाच, गॅलिलिओचा मुलगा. नाव ठेवलं अमेरिकन ट्रेनर बॉबी फ्रँकल यांच्या स्मरणार्थ. ताकद अफाट, पण डोकं गरम. लगाम मानायचा नाही. सरावात पुढचा घोडा दिसला की चौखूर उधळून त्याला गाठायचंच. असा घोडा पाच फर्लांगांत (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) सगळा दम संपवून बसतो. ताकदीवर खूश होऊन त्याला पळू दिलं असतं तर दोन वर्षांचा असताना त्याने धुमाकूळ घातला असता आणि तिसऱ्या वर्षी संपला असता. अशी उदाहरणं प्रत्येक रेसकोर्सवर असतात, आपल्याकडेही.

सेसिल यांनी काय केलं? रोज सकाळी त्याला दुसऱ्या घोड्यांच्या मागे ठेवलं. वर बसायला असा स्वार दिला ज्याचे हात हलत नाहीत. ओढायचं नाही, भांडायचं नाही, पुढच्याच्या शेपटीमागे श्वास सोडायला शिकवायचं. एक दिवस, दहा दिवस, शंभर दिवस. बुलेट ट्रेन नावाचा त्याचा सावत्र भाऊ पुढे पळायला असायचा. खरारा करायला, चालवायला भारतातून तिथे गेलेला एक मोतद्दार. न्यूमार्केटच्या पागांमध्ये आज आपली माणसं बरीच आहेत, त्याची सुरुवात शोधणारा कुणी हवा.

३० एप्रिल २०११, २००० गिनीज. एक मैलाची सरळ शर्यत. दार उघडलं आणि फ्रँकल सुटला. अर्ध्या वाटेवर बाकीच्यांपेक्षा पंधरा लांबी पुढे. एक लांबी म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा. पंधरा घोडे मधे बसतील एवढी रिकामी हिरवळ आणि समोर तो एकटा. शेवटी सहा लांबींनी जिंकला. लोक वेडे झाले, आणि ट्रेनरला बहुधा घाम फुटला असेल, कारण पळण्याची जी सवय मोडायची होती तीच दिसत होती. जूनमध्ये ॲस्कटला तो पुन्हा लवकर सुटला आणि शेवटी दमून पाऊण लांबीने कसाबसा वाचला.

या दोन शर्यतींच्या मधे या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. डर्बी. बाप गॅलिलिओ डर्बीचा विजेता. घोडा अपराजित. ट्रेनरचं वय ६८, अंगात कर्करोग, पाचवी डर्बी समोर. कोण सोडेल? सेसिल आणि अब्दुल्ला यांनी सोडली. दीड मैल, एप्समचे चढउतार, आणि अजून न शमलेलं डोकं. तो वर्षभर मैलावरच पळेल असं ठरलं. ज्या माणसाकडे वेळ कमी आहे त्याने घोड्याला वेळ द्यावा, हे वाचताना मला दरवेळी थांबायला होतं.

एप्रिल २०१२ मध्ये सरावात फ्रँकलचा मागचा खूर स्वतःच्याच पुढच्या पायाला लागला. घोडा संपला अशी बातमी उठली. तपासण्या झाल्या, स्कॅन ठीक आले, काही दिवस विश्रांती आणि पुन्हा चाल. मेमध्ये लॉकिंग स्टेक्स. जूनमध्ये ॲस्कटला क्वीन ॲन स्टेक्स, अकरा लांबींनी.

मग २२ ऑगस्ट २०१२, यॉर्क. पहिल्यांदाच मैलाच्या पुढे, सव्वा मैलाहून थोडं जास्त. औषधोपचारांनी सेसिल खंगले होते, डोक्यावर हॅट, आवाज कुजबुजण्याइतका. दार उघडलं आणि यावेळी फ्रँकल सुटला नाही. मागे राहिला. शेवटच्या दोन-तीन घोड्यांत, मान सैल, आरामात. ज्याने दोन वर्षांपूर्वी स्वाराचे हात तोडले असते तो घोडा मागे उभ्याउभ्या वाट बघत होता. सरळ लागल्यावर जॉकी टॉम क्वीली याने नुसतं सोडलं. सात लांबी. गर्दीने ट्रेनरच्या नावाने जयजयकार केला. माझ्या लेखी सेसिल यांची सगळी कारकीर्द शर्यतीच्या त्या पहिल्या मिनिटात आहे, विजयात नाही.

२० ऑक्टोबरला ॲस्कटच्या चिखलात चॅम्पियन स्टेक्स, पावणेदोन लांबी, चौदावी आणि शेवटची.

नंतर

सेसिल ११ जून २०१३ रोजी गेले. त्याआधी २०११ मध्ये सर झाले होते. परवाना पत्नी जेन यांच्या नावावर झाला. त्यांचं लग्न २००८ चं, म्हणजे सगळा परतीचा प्रवास त्यांनी आतून पाहिलेला. नऊ दिवसांनी रॉयल ॲस्कटला अब्दुल्ला यांच्याच रिपोस्ट या घोडीने रिबल्सडेल स्टेक्स जिंकली.

मी वर म्हटलं की सेसिल यांची पद्धत एका डोळ्यात होती, कागदावर नव्हती, म्हणून ती त्यांच्याबरोबर जायला हवी होती. आणि तरी एक अडचण उरते. फ्रँकलला एक सख्खा भाऊ होता, नोबल मिशन. तेच आईबाप, तीच पागा, आणि त्याच्यात काही कमी आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. जेन यांनी २०१४ मध्ये त्याला मागे ठेवायचं सोडून दिलं. पहिल्यापासून पुढे पळू दिला. फ्रँकलला जे दोन वर्षं शिकवलं त्याच्या बरोबर उलटं. त्या ऑक्टोबरात ॲस्कटला तीच चॅम्पियन स्टेक्स, तसाच चिखल. शेवटच्या फर्लांगात अल काझीमने त्याला गाठलं, दोघे डोक्याला डोकं लावून पळत राहिले, आणि नोबल मिशन मानेच्या फरकाने जिंकला.

पुढच्या हंगामाच्या अखेरीस जेन यांनी परवाना परत केला.